समुपदेशकाला वरिष्ठ हवा, साहेब नको

जेईई-नीटच्या तयारीसाठी छत्तीसगडच्या गावोगावची मुलं भिलाईत येऊन राहतात. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लाससकट, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. म्हणजे आता नेमणुका होतील, दारांवर पाट्या लागतील. पण त्या खोलीत एकटी बसणारी तरुण समुपदेशक दिवसभर जे ऐकेल, ते घेऊन कुणाकडे जाणार?

एखादा मुलगा जगणं नको झाल्याचं सांगतो. घरी कसं कळवायचं? मनोविकारतज्ज्ञाकडे किती तातडीने पाठवायचं? असे निर्णय एकट्याने घेताना मुरलेली माणसंही चुकतात. म्हणून हवं सुपरव्हिजन, म्हणजे ठरलेल्या वेळी, मुलाची ओळख झाकून, अशी केस अनुभवी समुपदेशकापुढे मांडणं. काय ऐकलं, काय निसटलं, त्याच्या रडण्याने आपलंच जुनं दुःख वर आलं का, हे तिथे उलगडतं.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हे करून दाखवलं आहे. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या ११ स्थानिकांना शिकवून तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. त्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत. दर आठवड्याला सगळे मिळून त्यांतल्या काही ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. शिवाय महिन्यातून दोनदा प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शन. २०१७ साली ‘लॅन्सेट’ने छापलेल्या या अभ्यासात नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य तीन महिन्यांत ओसरलं, ते न मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचं. श्रेय एकट्या सुपरव्हिजनचं नाही. तरी त्या आठवडी बैठकांशिवाय नवख्या माणसांच्या हाती इतके आजारी रुग्ण सोपवणं धोक्याचंच ठरलं असतं.

सुपरव्हिजनची जबाबदारी प्राचार्यांवर टाकून मात्र भागणार नाही. आपली नोकरी ज्यांच्या हाती, त्यांच्यासमोर ‘या मुलापुढे मला काही सुचलं नाही’ असं कोण कबूल करेल?

ब्रिटनमधली समुपदेशकांची संघटना मानांकित सदस्यांकडून महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजनची अपेक्षा ठेवते. भिलाईला तेवढं सहज जमेल. एम्स रायपूर जवळ आहे, पुण्या-ठाण्याचे जाणकार ऑनलाइन भेटू शकतात. भिलाईतल्या शाळा, तिथली आयआयटी आणि कोचिंगवाल्यांनी मिळून एक गट करावा, मानधन वाटून घ्यावं. ही वेळ नेमणूकपत्रातच कामाचे तास म्हणून लिहावी आणि निकालाच्या आठवड्यात तर ती मुळीच रद्द करू नये, कारण समुपदेशकाच्या दाराशी तेव्हा जास्त मुलं येण्याची शक्यता असते.