ग्रहण नेमके कधी लागले?

आपल्याकडे मूल अधू निपजले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो. ग्रहण पाळले होतेस का? काही चिरले, कापले, शिवले होतेस का? मुलाचा ओठ फाटलेला असो, पाय वाकडा असो, की मान धरायला वर्ष लागो, चौकशी तिथूनच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. बापाला असा प्रश्न कुणी विचारल्याचे निदान मी तरी ऐकलेले नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी; वैद्यकशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तरीही गेले वर्षभर या एका प्रश्नाच्या पाठीमागे लागून, शब्दकोश मांडीवर घेऊन, जमेल तेवढे वाचले. त्यातून जे मत बनले ते प्राध्यापकवर्गापुढे आणि मित्रमैत्रिणींपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

गंमत अशी की, ‘नेमके कधी बिघडले?’ हा प्रश्न केवळ आपल्या आजीबाईंचा नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो दीडशेहून अधिक वर्षे छळतो आहे. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल या शल्यवैद्याने प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे एक निबंध वाचला. हातपाय ताठर झालेल्या कित्येक मुलांचे जन्म अवघड झालेले असतात, त्या वेळी त्यांचा श्वास कोंडतो आणि मेंदूला इजा होते, असे त्याचे म्हणणे. पुढे या विकाराला सेरेब्रल पाल्सी हे नाव पडले. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने वेगळा सूर लावला. मानसशास्त्राच्या तासाला आपण ज्याच्या स्वप्नमीमांसेची टिपणे उतरवून घेतो तोच हा फ्रॉइड. त्याआधी तो मज्जाविकारांचा डॉक्टर होता. त्याने म्हटले की अवघड बाळंतपण हे काही वेळा कारण नसून नुसती खूण असेल. पोटातच आधी काही बिघडले असेल, म्हणून जन्म अवघड झाला असेल. त्याचे कुणी फारसे मनावर घेतले नाही. तथापि १९८६ मध्ये कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अमेरिकेतील सुमारे ५४,००० गरोदरपणांच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा बाळंतपणाच्या घटकेतील अडचणींनी या विकाराचा थोडाच भाग उलगडतो, असे दिसून आले.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध फार जवळचा आहे.

जन्मताना बाळाचा श्वास कोंडला तर मेंदूच्या सगळ्या पेशी तत्क्षणी मरत नाहीत. पहिला आघात ओसरल्यासारखा वाटतो आणि मग काही तासांनी दुसरी पडझड सुरू होते. ती अडवण्यासाठी जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचे अंग ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत गार करायचे आणि ७२ तास तसेच ठेवायचे, असा उपचार निघाला. २००५ पासून पाश्चात्त्य देशांत झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्याचा गुण दिसला आणि तिकडे तो नेहमीचा उपचार झाला. आपल्याकडच्या काही इस्पितळांनीही तो उचलला. (बाळाला धुरी द्यावी, शेकावे, गुंडाळून ठेवावे, हे आमच्याकडचे शहाणपण. गारव्याने मेंदू वाचतो हे मी घरी सांगितले तेव्हा आई हसलीच.)

मग २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या रुग्णालयांत हाच उपचार पारखून पाहिला गेला. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक. हेलिक्स हे त्या चाचणीचे नाव. एकूण ४०८ बाळे. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला तो असा: गार केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. तिकडे जीव वाचवणाऱ्या उपचाराने इकडे मृत्यू वाढले! या निष्कर्षावर डॉक्टरांमध्ये वाद झाले आणि ते व्हावेतच. पण माझे लक्ष वेधले ते कारणमीमांसेने. संशोधकांना असे वाटते की आपल्याकडच्या पुष्कळ बाळांची इजा एका घटकेत झालेली नसते. २०२४ मध्ये त्यांनी इटलीतील आणि आपल्या भागातील बाळांचे रक्त तपासून जी तुलना प्रसिद्ध केली, तिचाही रोख तोच होता. तिकडच्या बाळाचा श्वास बहुधा एकाएकी कोंडलेला. इकडच्या बाळाचा प्राणवायू पोटात असतानाच थोडाथोडा, पुनःपुन्हा तुटत आलेला असावा. आईचे अपुरे पोषण, जंतुसंसर्ग, आणि मग वेणांचा ताण. म्हणजे सहा तासांच्या आत धावायचे म्हटले, तरी आपण मुळात काही आठवडे उशिरा निघालेलो.

आता घरचे सांगते. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाच्या वहीत मोजदाद. १५ जानेवारी २०१० रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होते. माझा धाकटा भाऊ तेव्हा पोटात, आईला आठवा लागलेला. ग्रहण तिला ठाऊक होते. पण उचल घेतलेली आणि खाडा केला तर दंड. भर ग्रहणात तिने ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहिल्या. फेब्रुवारीत ती कोपीतच बाळंत झाली. बाळ निळे पडलेले, बराच वेळ रडले नाही. ट्रॅक्टरवरून दवाखान्यात पोचेपर्यंत रात्र सरली. तिथे नऊ दिवस ठेवले आणि जाताना हातात एक कागद दिला. भाऊ आज पंधरा वर्षांचा आहे. आधाराशिवाय त्याला उभे राहता येत नाही. त्याचे बोलणे आईला आणि मला कळते, इतरांना नाही. भजनात कुणी ताल चुकला तर मात्र तो सगळ्यांच्या आधी ओरडतो.

पंधरा वर्षे आजीने, चुलत्यांनी, शेजारणींनी त्या एका दुपारचा कोयता आईच्या गळ्यात अडकवून ठेवला आहे. दवाखान्यातला कागद इंग्रजीत होता आणि घरात तो वाचणारे कुणी नव्हते. अकरावीत गेल्यावर मी तो ट्रंकेतून काढला. त्यावर ‘बर्थ अॅस्फिक्सिया’ असे लिहिले होते. जन्मताना श्वास कोंडला, एवढाच त्याचा अर्थ. हे साधे वाक्य त्या नऊ दिवसांत आईला कुणी मराठीतून सांगितले नाही.

भावाच्या बाबतीत नेमके काय घडले हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दिवशी आकाशात काय झाले याची चर्चा आमच्या घरात हजार वेळा झाली. त्याआधीचे तीन महिने आई काय खात होती, किती ओझे उचलत होती, तिच्या अंगात रक्त किती होते, याची एकदाही झाली नाही. ग्रहणाला दोष दिला की मुकादम सुटतो, कारखानदार सुटतो, सरकारी दवाखाना सुटतो आणि घरचे पुरुषही सुटतात. अंधश्रद्धा म्हणून आपण जिला हसतो ती किती जणांच्या सोयीची आहे, हे आपल्या वक्तृत्व स्पर्धांतून कधी बोलले जात नाही.

२०१८ मध्ये आपल्या देशातील पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कांग्रा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा ही ती ठिकाणे. मेंदूच्या वाढीशी निगडित असा एखादा तरी विकार सहा वर्षांखालील मुलांत सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत सुमारे साडेतेरा टक्के आढळला. जन्मताना कोंडलेला श्वास, घरी झालेले बाळंतपण, कमी वजन, खुंटलेली वाढ यांच्याशी त्याचा संबंध दिसला. ग्रहणाचा रकाना त्यात नव्हता. पाहणी मोलाची आहे, पण घराघरांतून फिरणाऱ्या मोजणीदाराला आमची घरे अर्धे वर्ष कुलूपबंद सापडतील. आमची मुले कोण मोजणार? आणि न मोजलेल्यांसाठी उपचार कोण शोधणार?

हे अशक्य आहे असे मी मानीत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा हेही त्या शिकल्या. या कामाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंना हा वसा मिळाला. पण कोपीत जन्मलेल्या बाळाची आशाताई कुठल्या गावची? गावाकडची की फडाकडची? तिथेच घोडे पेंड खाते.

कला शाखेने या भानगडीत कशाला पडावे, असे एका वर्गमित्राने मला विचारले. माझ्या मते यात आपलेही काम आहे. दवाखान्याच्या कागदावर येणारे पन्नास-साठ शब्द बाळंतिणीला कळतील अशा मराठीत आणणे हे मराठी विभागाचे काम आहे. तिला विचारायचे प्रश्न दोषारोपासारखे वाटणार नाहीत असे रचणे हे समाजशास्त्राचे. राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर आपण दरवर्षी एखाद्या गावात घेतो, रस्ता झाडतो, भिंतीवर घोषणा रंगवतो. जानेवारीत आमच्यासारख्या गावांत म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरेच उरलेली असतात. यंदाचे शिबिर फडावर न्यावे, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे. बायका रात्री नऊनंतर मोकळ्या होतात, तेव्हा व्याख्यानाची वेळ त्याप्रमाणे ठेवावी लागेल.