बोलाचीच कढी

निवडणूक जवळ आली की पिनरच्या घराघरांत दाराच्या फटीतून पडणाऱ्या कागदांत पिझ्झाच्या जाहिराती मागे पडतात आणि पक्षांची पत्रकं पुढे येतात. कुणी कर कमी करणार, कुणी हॉस्पिटलातल्या रांगा. आपल्या मंडळींचा निकाल मात्र ठरलेला : "अहो, सगळे एकाच माळेचे मणी! मत देऊन काय होणार?"

हा वैताग उगाच आलेला नाही, हे आम्हीही मान्य करतो. विद्यापीठाच्या फीचंच बघा ना. आपल्या बहुतेक घरांत हा हिशेब कधी ना कधी झालेला आहे. मजूर पक्षाने २००१ च्या जाहीरनाम्यात विद्यापीठांना जादा फी लावू देणार नाही, असं सांगितलं. २००४ मध्ये कायदा केला आणि २००६ पासून इंग्लंडात फी तीन हजार पौंडांपर्यंत गेली. २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी फीवाढीला विरोध करू, अशा प्रतिज्ञेवर चक्क सह्या केल्या. त्याच वर्षी ते हुजूर पक्षाबरोबर सत्तेत बसले आणि २०१२ पासून फी नऊ हजारांपर्यंत! निक क्लेग यांनी नंतर माफी मागितली, फी तिथेच राहिली. कीर स्टार्मर यांनी २०२० मध्ये पक्षाचं नेतेपद मागताना फी रद्द करण्याचं वचन दिलं, २०२३ मध्ये ते सोडलं, आणि २०२५ मध्ये फी ९,५३५ पौंड झाली. पक्ष दोन, कथा एकच.

खर्चाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये पक्षांच्या प्रचारखर्चाची मर्यादा दर मतदारसंघामागे ३० हजार पौंडांवरून ५४ हजारांवर नेली गेली. तिकडे भारतात लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही. पैसे देणारा उगाच देत नाही, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग घरी बसावं का? २०२४ मध्ये नोंदलेल्या दर शंभर मतदारांतले सुमारे चाळीस जण घरीच बसले. त्याच निवडणुकीत आपल्या शेजारच्या हेंडनमध्ये निकाल लागला तो अवघ्या १५ मतांनी! एका हळदीकुंकवाला याहून जास्त माणसं जमतात. १८९२ मध्ये फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी निवडून आले, तेही पाच मतांनी. 

"पिनरची जागा ठरलेलीच आहे," असं कुणी म्हणेल. जागा भक्कम आहे खरी. पण शेजारची हॅरो वेस्टची जागाही १९४५ पासून हुजूर पक्षाचीच होती, ती १९९७ मध्ये गेलीच ना?

नव्याने आलेल्या तरुण कुटुंबांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इथे मत द्यायला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर कायदेशीर राहणारा भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून नाव नोंदवू शकतो, आणि मतदानकेंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. असा हक्क फार थोडे देश परक्यांना देतात. तो न वापरता चहाबरोबर राजकारण्यांना शिव्या देणं म्हणजे आयत्या ताटावरून उठून उपाशी राहिल्याची तक्रार करणं.

तेव्हा मंडळी, पत्रकं लगेच रद्दीत टाकू नका. एका फाईलमध्ये ठेवा. उमेदवार दारात आला की दोनच प्रश्न विचारा : पैसा कुठून आणणार, आणि काम कधीपर्यंत करणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर तेही लिहून ठेवा. पाच वर्षांनी तोच माणूस पुन्हा दारात येईल, तेव्हा फाईल आपल्या हाताशी असलेली बरी.