फाटकं नको, दंड घातलेलं दाखवा

नाटकातला गरीब माणूस लांबूनच ओळखू येतो. त्याच्या गुडघ्यावर चौकोनी ठिगळ असतं, ते पायजम्यापेक्षा हमखास वेगळ्या रंगाचं असतं आणि बाहीची एक चिंधी कात्रीनं सरळ कापून लोंबती ठेवलेली असते. गालाला काजळी फासली की गरिबी पूर्ण. शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीतल्या नाटकांपर्यंत हा गणवेश इतका पक्का झालाय की खरोखरचा झिजलेला शर्ट घालून कुणी रंगमंचावर आलं, तर प्रेक्षक त्याला बऱ्यापैकी सुस्थितीतला समजतील.

सांगलीशेजारच्या कुपवाडात राहून हे चालवून घ्यायचं म्हणजे कमाल आहे. इथं कपडे कसे झिजतात हे शिकायला कुठल्या नाट्यशाळेत जायला नको. एमआयडीसीतली पाळी सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला चहा पीत उभं राहायचं. फौंड्रीत ओतकाम करणाऱ्याच्या शर्टाला पोटापासून छातीपर्यंत बारीक भोकं असतात, ठिणग्यांची. पाठ मात्र धड असते, कारण भट्टीकडे कुणी पाठ करून उभं राहत नाही. लेथवाल्याच्या पोटावर एक आडवा काळा पट्टा असतो, मशीनला टेकून टेकून आलेला. ट्रक ड्रायव्हरची उजवी बाही डावीपेक्षा फिकी असते. खिडकीतलं ऊन सगळं त्या एका हातावर. सांगलीच्या मार्केट यार्डात गेलात तर हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाची मान आणि खांदे पिवळे, आणि ढोपरं पाहिलीत तर जवळजवळ कोरी. प्रत्येक धंद्याची झीज वेगळ्या जागी. कात्रीला हे कळत नाही, म्हणून कात्रीनं फाडलेला कपडा खोटा दिसतो.

आमच्या हौशी मंडळींचा कपडेपट गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. नाटकाचं बजेट ठरताना आधी नेपथ्य, मग प्रकाश, मग टेम्पोचं भाडं, आणि उरलेच तर कपडे, असा क्रम असतो. त्यात ‘जुने कपडे काय, ते तर फुकट मिळतील’ हे वाक्य ठरलेलं. मिळत नाहीत. घरातले जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि बदल्यात स्टीलचा डबा येतो; तोच कपडा परत मागायला गेलं की त्याला भाव चढलेला असतो. शिवाय मिळाला तरी तो नटाच्या मापाचा नसतो, आणि हल्ली तो बहुधा टेरीकॉटचा असतो. टेरीकॉट म्हातारं होत नाही, नुसतं मळतं. त्यातला पॉलिस्टर चहा पीत नाही, हळद धरत नाही, ब्लीचला दाद देत नाही. कापड घेण्याआधी शिवणीतला एक दोरा काढून पेटवून बघावा. कागद जळल्याचा वास आला आणि मागं मऊ राख उरली तर सुती; वितळून कडक मणी झाला तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

म्हणून आम्ही मांजरपाट घेतो किंवा साधं सुती कापड, आणि ते जुनं करतो. आधी धुण्याचा सोडा घालून कढत पाण्यात चांगलं उकळायचं, म्हणजे गिरणीची खळ निघून जाते. खळ असेपर्यंत कापड डाग नीट घेत नाही. मग चहा. टपरीवाल्याकडचा उकळून टाकलेला चोथाही चालतो, फक्त तो दूध घालण्याआधीचा हवा, नाहीतर चौथ्या दिवशी अख्ख्या कपडेपटाला वास मारतो. कापड चुरगाळून, सुतळीनं जागोजाग बांधून बुडवायचं. सपाट बुडवलेलं कापड एकसारखं तपकिरी होतं आणि ते थेट नवंकोरं तपकिरी कापड वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस कुपवाडात मागाल तेवढा मिळतो. त्याचा तेलकटपणा साबणानं काढून तो काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवायचा, झाकण जरा सैल ठेवून, कारण आत वायू तयार होतो. चहात रंगवलेलं कापड त्या पाण्यात घातलं की डोळ्यांदेखत करडं, काळपट होत जातं. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच तत्त्वावर बनायची. काष्ठौषधींच्या दुकानातला हिरडा वापरला तर रंग चहापेक्षा गडद येतो. लोखंड हळूहळू सूत खातं हेही लक्षात ठेवावं. दहा प्रयोगांच्या नाटकाला त्यानं काही बिघडत नाही, पण आजोबांचं धोतर मात्र त्यात बुडवू नये.

हळद आपल्याकडे मुबलक. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरिपूरला तर ती जमिनीखालच्या पेवांत साठवायची पद्धत होती. घामानं पिवळट पडलेली कॉलर दाखवायला चहात चिमूटभर हळद पुरते. पण ती लबाड आहे. उन्हात उडते, आणि साबण लागला की लाल होते. हळदीला सोडा, साबण, चुना असलं काहीही अल्कधर्मी भेटलं की हे होतंच. कुंकू हळद आणि चुन्यातूनच तर करतात. हात न लावता कापडावर रक्त उमटवून दाखवणारे बुवाबाबा याच गुणावर पोट भरत आले, आणि साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हळद आणि चुन्याचं हेच पाणी दाखवून त्यांचं बिंग फोडत आले. नाटकवाल्याला या चमत्काराचा उपयोग उघड आहे. हळदीत रंगवून वाळवलेल्या सदऱ्यावर नटानं चुन्याच्या निवळीत भिजवलेला बोळा दाबला की जखम तयार. काकवीत लाल रंग मिसळून केलेलं रक्त दिसतं जास्त दाट, पण विंगेतले मुंगळे दुसऱ्या अंकापर्यंत नायकापर्यंत पोचतात.

ब्लीच जपून. रंगीत कापड फिकं करायला ते स्वस्त आहे, पण रेशीम आणि लोकर त्यानं नासतात. सुती कापडही नुसतं पाण्यानं खंगाळून भागत नाही. फोटो धुणारे वापरायचे तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थोडा पाण्यात विरघळवून त्यात कपडा बुचकळावा, मग ब्लीचचा जोर थांबतो. आणि आताच सांगितलेलं व्हिनेगर ब्लीचच्या बादलीच्या आसपाससुद्धा ठेवू नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तालमीची खोली बहुतेक बिनखिडकीची असते.

रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, आकाराकडे कुणाचं जात नाही, ही माझी जुनी तक्रार. जुना कोट मळलेला असतो त्याहून जास्त तो लोंबलेला असतो. ओल्या कोटाच्या खिशांत दगड भरून तो रात्रभर दोरीवर टांगावा. सकाळी त्यानं वीस वर्षं नोकरी केलेली असते. नटाला कपडा घालून बसवायचं, उठवायचं, ओझं उचलायला लावायचं, आणि जिथं चुण्या पडतात तिथं खडूनं खुणा करायच्या. मग त्याच खुणांवर पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, फुटकी वीट. खोबऱ्याची किसणी कॉलरच्या कडेला उत्तम चालते, फक्त ती घरात परत नेऊ नये.

जीन्सवाल्यांनी हाच उद्योग कारखान्यात नेला. झिजलेली जीन्स नवीपेक्षा महाग विकायची, म्हणून कापडावर वाळूचा फवारा मारायचे. तुर्कस्तानात ती धूळ कामगारांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिसनं माणसं गेली आणि २००९ साली तिथं त्या पद्धतीवर बंदी आली. वाळूची धूळ म्हणजे काय हे फौंड्रीच्या गावाला वेगळं सांगायला नको. विटेनं आणि हातानं घासायला वेळ लागतो, लागू दे.

सांगलीची रंगभूमी सुरू झाली तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाच नसणार. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं; त्यात देव, राजे आणि राक्षस. कुणाचाही कपडा फाटका असायचं कारण नव्हतं. मग हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ १८९९ साली आली आणि रंगमंचावर साध्या भटाभिक्षुकांची घरं आली. आणि १९१९ साली आली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू. नाटक रंगमंचावर आलं तेव्हा गडकरी जाऊन महिनाही झालेला नव्हता. नागठाण्याचे बालगंधर्व, ज्यांचे शालू बघायला माणसं तिकीट काढायची, ते सिंधू होऊन ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहिले आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. आपल्या रंगभूमीवरचं सगळ्यात प्रसिद्ध वस्त्र भरजरी नाही, ठिगळाचं आहे. पुढे शेजारच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना १९८३ साली ‘गांधी’साठी वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, जॉन मोलोबरोबर विभागून. आता तो सिनेमा डोळ्यांपुढे आणा. जरी कमी, खादी फार.

सिंधूचा विचार करताना मला एका शर्टाची गोष्ट आठवते. आमच्या नाटकात एक फौंड्री कामगार होता, आणि ठिणग्यांची भोकं उदबत्तीनं पाडून काही जमेना. ती फार गोल पडत होती. शेवटी ओळखीतल्या एका कामगाराला म्हटलं, तुझा कामावरचा शर्ट दे, बदल्यात नवा घे. तो संकोचला. “ह्यो नगा न्हिऊ सर, लई फाटलाय. चांगला देतो की घरनं.” फाटलेलाच हवाय, असं तीनतीनदा सांगितल्यावर तयार झाला. दोन दिवसांनी शर्ट घेऊन दारात हजर. धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्री. तुटलेली दोन बटणं नवी लावलेली आणि मोठी भोकं आतून बारीक टाक्यांनी रफू केलेली. “मंडळी म्हणली, लोकांसमोर जाणार म्हणल्यावर असा कसा द्यायचा?”

त्या शर्टानं आमचा अख्खा कपडेपट बदलला. आम्ही गरिबी मळवून आणि फाडून दाखवत होतो. घराघरांत ती धुतली आणि शिवली जात होती. मळका कपडा बहुतेक वेळा कामाचा असतो, कामावरून आला की उतरतो. माणूस बाहेर पडताना अंगावर घालतो तो विरलेला, धुऊन धुऊन रंग गेलेला, पण नीट केलेला कपडा असतो. कॉलर झिजली की शिंपी ती सोडवून उलटी लावायचा. ठिगळ त्याच कापडाच्या शिवणीतल्या जास्तीच्या भागातून काढायचे, म्हणजे ते दिसू नये. वेगळ्या रंगाचं चौकोनी ठिगळ लावायला गरिबाला हौस थोडीच असते? २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गाळाची पिवळट रेष कितीदा धुतलं तरी दिसत होती, आणि तरी बायका ते पुन्हा पुन्हा धुतच होत्या.

त्यामुळे आता आमच्याकडे निम्मा वेळ कपडा झिजवण्यात जातो आणि निम्मा तो दुरुस्त करण्यात. चहा आणि लोखंड झालं की साबणानं दोनदा धुणं, मग टाके. रंगमंचाच्या पिवळट दिव्यात चहाचे डाग तसेही विरघळून जातात, पहिल्या रांगेपलीकडे कुणाला दिसत नाहीत. उलट करड्या धाग्यानं घातलेला रफू लांबूनही वळासारखा कळतो. कॅमेऱ्यासमोरचं गणित निराळं, तिथं धागासुद्धा कापडाच्या रंगाचा लागतो.

यंदाच्या नाटकात एक म्हातारी आहे, आणि तिला दंड घातलेलं लुगडं द्यायचं मी ठरवलंय. लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. तो भाग काढून टाकायचा आणि धड राहिलेले दोन तुकडे, कधी दोन वेगळ्या लुगड्यांचे, काठाला काठ जुळवून मधे शिवायचे. तो दंड. ‘सिंधू’ करणाऱ्या पुढच्या मंडळींनी ठिगळाऐवजी हे एकदा करून पाहावं, बघणाऱ्या बायकांना ते लगेच ओळखू येईल, निदान साठीच्या पुढच्यांना. अडचण अशी की शिवून द्यायला कुणी तयार नाही. शिंपी म्हणतो, एवढ्या मजुरीत नवी साडी येते. मंडळातल्या मुलींना माहीत नाही. शेवटी गल्लीतल्या एका आज्जींना विचारलं. त्यांनी शिकवायचं कबूल केलं, मुलीला समोर बसवलं, हातशिलाईच हवी, मशीन चालणार नाही असं बजावलं. मग आम्ही मुद्दाम आणलेलं लुगडं हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरलं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि घडी घालून मांडीखाली ठेवलं.

“धड हाय की ह्ये,” म्हणाल्या. “कापायचं कशाला? अजून दोन वर्सं नेसंन मी.”

आता दुसरं शोधतोय.