आम्हीही घरमालकच!

मेसमध्ये घरमालकांना शिव्या घालण्याचा कार्यक्रम रोज रंगतो. मी तेव्हा गप्प बसते, कारण चामोर्शीला आमच्या घरच्या वरच्या दोन खोल्या किरायाने दिल्या आहेत. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुका पोटात घाला!)

तिथे एक गुरुजी आठ वर्षांपासून राहतात. कागद काहीच नाही. किराया आईच्या हातात, हिशेब कॅलेंडरवर. करार करा म्हटलं तर बाबा म्हणतात, "गुरुजींकडून काय लिहून घ्यायचं? बरं दिसते का?"

मला हे पटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, मालकाने वेगळं सिद्ध केलं नाही तर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं जो तो सांगतो. या कलमात तशी सूट नाही.

हा कायदा परिशिष्टातल्या गावांनाच लागू, हे मान्य. पण उद्या गुरुजींची बदली झाली आणि खोल्यांत पुतण्या राहून गेला, तर आई काय कॅलेंडर दाखवणार?

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच आहे. हे ऐकून मेसमध्ये टाळ्या पडल्या! पण करार त्यातही लेखीच आहे, आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

दिवाळीत मी मसुदा घेऊनच घरी जाणार. आधी गुरुजींना दाखवीन. दहावीला माझं मराठी त्यांनीच सुधरवलं, तेव्हा चुकाही तेच काढतील.