बिबट्याला लळा लावू नका!

मंडळी, या वीकेंडला जरा वैतागून लिहितोय, सांभाळून घ्या.

घाबरट मांजराला माणसाळवायचं कसं, हे आपल्या पिढीला आता तोंडपाठ झालंय. शेल्टरमधून आणायचं, एक छोटी खोली द्यायची, रोज ठरलेल्या वेळी खाणं ठेवायचं, शेजारी जमिनीवर गुपचूप बसायचं, रोखून बघायचं नाही. मग पंधरा दिवसांनी म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा, स्वारी पलंगाखालून बाहेर येते आणि एक दिवस थेट मांडीवर! मांजराला माणसाचा विश्वास वाटला की त्याला घर मिळतं. चांगलं काम आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या उडीबद्दल. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जुन्नर-आंबेगावकडच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. त्यांचे व्हिडिओ फिरतात आणि आपल्यातलंच कुणीतरी लिहितं, "कित्ती क्यूट! अनाथ दिसतायत, कुणीतरी सांभाळा ना." पुढे त्याच भागात बिबट्याने माणूस मारल्याची बातमी आली की तीच मंडळी लिहितात, "सगळे उचला आणि जंगलात नेऊन सोडा." माझं आजोळ नारायणगावजवळचं आहे, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं वाचली की डोकं फिरतं. वरवर ती एकमेकांच्या उलट वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. या मांजराचं घर कुठे आहे, हेच आपल्याला माहीत नाही.

त्याचं घर उसात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, आडोसा, जवळ पाणी आणि खायला गावची कुत्री, शेळ्या, मांजरं. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या तिथेच वितात. त्या पिल्लांनी सह्याद्रीचं जंगल कधी पाहिलेलंही नसतं.

आता ती "अनाथ" पिल्लं. आई शिकारीला जाताना त्यांना उसात लपवून जाते. तेवढ्यात तोड तिथवर येते, कोयता थांबतो आणि बोंबाबोंब होते. म्हणजे पिल्लं अनाथ वगैरे काही नसतात, आई जवळपासच अंधार पडायची वाट बघत असते. वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएसचे पशुवैद्य पिल्लं तपासतात, संध्याकाळी जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. आई येते, मानेला धरून एकेक पिल्लू उचलून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हीही थापच. आईची अडचण होते ती गर्दीमुळे, आणि कुणी कौतुकाने पिल्लं घरी नेली तर.

कारण आई परत मिळाली नाही, तर त्या पिल्लाला दूध पाजायला माणूसच येणार. जेवण म्हणजे माणूस, हे त्याच्या डोक्यात बसणार. शिकार शिकवायला बिबट्याच्या मादीला दीड-दोन वर्षं लागतात, ते शिक्षण कुठलाही प्रेमळ केअरटेकर देऊ शकत नाही. आणि ज्या बिबट्याला माणसाची भीती वाटत नाही, त्याला वस्तीजवळ कोण सोडेल? मग जन्मभर पिंजरा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. तिथली माणसं मनापासून काम करतात, पण जो बिबट्या तिथे कायमचा राहिला त्याचं घर सुटलं, एवढं लक्षात ठेवा. शेल्टरच्या मांजराला विश्वासामुळे घर मिळतं. बिबट्याचं घर त्याच विश्वासामुळे जातं.

आता "उचला आणि जंगलात सोडा"वाल्यांसाठी. हा प्रयोग जुन्नरमध्ये करून झालाय हो! २००१च्या सुमारास बिबटे पकडून दूर जंगलात सोडायचा सपाटा लावला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ झाले. प्रॉडक्शनमधला बग दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा आणि तिकीट क्लोज करायचं, तसलाच प्रकार. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' बिबट्या माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. शिवाय मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतोच.

याचा अर्थ गावकऱ्यांनी मरत राहायचं का? अजिबात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली. शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. माणसावर चटावलेला बिबट्या पकडायलाच किंवा मारायलाच हवा, यावर माझं दुमत नाही. ज्याचं पोर गेलं त्याला सहजीवनावर लेक्चर देणारा मी कोण?

पण पुढचं पोर वाचवायचं असेल तर मागण्या वेगळ्या हव्यात, आणि त्या कंटाळवाण्या आहेत. शेतीला दिवसा थ्री-फेज लाइट द्या, म्हणजे मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी धरायला जावं लागणार नाही. गोठ्यांना बंदिस्त जाळी द्या. मळ्यातल्या घरांबाहेर दिवे आणि दाराशी संडास द्या. ऊसतोड कामगारांची पोरं फडाच्या कडेला कोपीत झोपतात, त्यांना पक्का निवारा द्या. साखर आपण सगळेच खातो ना? मग या मागण्या फक्त गावकऱ्यांनीच का करायच्या? यातल्या एकाचाही क्यूट व्हिडिओ होत नाही, म्हणून आपण त्या शेअर करत नाही, एवढंच.

तेव्हा द्राक्षं खायला, शिवनेरी बघायला जुन्नरला जाल आणि उसाच्या कडेला ठिपक्यांचं पिल्लू दिसेल, तर एवढंच करा. उचलू नका, पाजू नका, सेल्फी काढू नका. वनखात्याला १९२६वर फोन लावा आणि निघा तिथून. त्याची आई तुम्ही जायचीच वाट बघत असते.

आणि माया करायचा उमाळा आवरतच नसेल, तर पुण्यातल्या शेल्टरमध्ये पलंगाखाली दडून बसलेली मांजरं भरपूर आहेत. त्यांच्याशेजारी बसा जाऊन.