एक्सप्लेनर : शिकारी कुत्र्याला बूट हवेत का? मराठवाड्याच्या उन्हात आधी फिरायची वेळ बदला!

छत्रपती संभाजीनगर : उन्हाळा सुरू झाला की ऑनलाइन बाजारात कुत्र्यांचे बूट दिसू लागतात. चार बुटांचा सेट, खाली रबरी तळ, वर चिकटपट्टी. मराठवाड्याची ओळख असलेला कारवानी पाळणाऱ्यांनाही मग प्रश्न पडतो : पळण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या या कुत्र्याला बूट घ्यावेत का?

थोडक्यात उत्तर असे : मातीवर पळणाऱ्या निरोगी कुत्र्याला गरज नाही. भर उन्हात डांबरावर उभे राहावे लागणाऱ्या कुत्र्याला मात्र आहे. हा फरक लक्षात न घेता बूट घेतले, तर पैसे जातात आणि कुत्र्याचे हालही थांबत नाहीत.

मुळात ‘शिकारी’ कुत्रा आज काय करतो?

कारवानी नजरेने सावज हेरतो आणि वेगाने पाठलाग करतो. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. वन्यप्राण्यामागे कुत्रे सोडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच. त्यामुळे आजचा कारवानी शेताची राखण करतो किंवा शहरात पट्ट्याला बांधून फिरतो. बुटांचा विचार याच आयुष्यासाठी करायला हवा.

पंजा कसा काम करतो?

पंजाच्या गादीवर जाड, खरखरीत कातडी असते आणि आत चरबीचा थर. त्यामुळे धक्का सोसला जातो. नखे जमिनीत रुततात, वळताना पकड मिळते. पुढच्या पायाचा वरचा अंगठाही वेगात वळताना जमिनीला टेकतो. बूट चढवला की ही पकड कमी होते. सैल बूट फिरतो, घट्ट बूट अंगठ्याजवळ घासतो आणि जखम करतो.

काट्यांचे काय? सराटे आणि कुसळांपासून बूट काही प्रमाणात वाचवतो. पण बाभळीचा काटा पातळ तळ सहज भेदतो. शिवाय आत शिरलेले कुसळ बुटात दिसत नाही आणि ते घासत राहते. त्यामुळे शेतातून आल्यावर बोटांच्या बेचक्या तपासण्याला पर्याय नाही.

मग खरा धोका कुठे?

डांबरावर. हवेचे तापमान ४० अंश असते, तेव्हा थेट उन्हातले डांबर ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. एवढ्या तापमानाला माणसाची त्वचा काही सेकंदांत भाजते. गादी जाड असली, तरी तीही भाजते.

‘गल्लीतली कुत्री कुठे बूट घालतात?’ असा युक्तिवाद हमखास होतो. पण गल्लीतले कुत्रे दुपारी गाडीखाली किंवा झाडाच्या सावलीत पडून असते. कुठे थांबायचे, हे ते स्वतः ठरवते. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला तो पर्याय नसतो. त्याच्या वतीने माणूस निर्णय घेतो, म्हणून जबाबदारीही माणसाचीच.

जगात बूट कुठे वापरतात?

अलास्कातील इडिटारॉड या सुमारे १६०० किलोमीटरच्या स्लेज शर्यतीत कुत्र्यांसाठी कापडी मोजे सोबत ठेवावेच लागतात, कारण बर्फाने पंजे सोलवटतात. २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत स्वित्झर्लंडमधील झुरिच पोलिसांनी श्वानांना बूट घालण्याचे ठरवले. उलट, ढिगाऱ्यात शोध घेणारे श्वान अनेकदा अनवाणीच काम करतात, कारण तिथे पकड सुटली तर ते घसरून पडू शकतात. म्हणजे बूट कुत्र्याच्या जातीवरून ठरत नाहीत. पायाखाली काय आहे आणि काम कोणते आहे, यावरून ठरतात.

याच न्यायाने, झुरिचपेक्षा कितीतरी कडक उन्हाळा असलेल्या मराठवाड्यात दुपारच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या पोलीस श्वानांच्या साहित्यात बूट असायलाच हवेत. त्यांना कामाची वेळ निवडता येत नाही. मात्र, बुटांची सवय आधीच, थंड जागेत, थोडी थोडी लावावी लागते.

घरच्या कुत्र्यासाठी काय कराल?

- हाताची मागची बाजू रस्त्यावर ७ सेकंद ठेवा. चटका बसला, तर कुत्र्याला बाहेर नेऊ नका.
- फिरणे सूर्योदयाच्या आसपास. संध्याकाळी रस्ता निवल्यावरच. शक्यतो मातीची वाट धरा.
- पंजा लाल दिसला, फोड आला किंवा कुत्रा लंगडला, तर पशुवैद्यकाला दाखवा. जखम बरी होईपर्यंत बूट उपयोगी पडतो.
- बूट घातलेच, तर थोड्या वेळाने काढा आणि पंजे कोरडे करा.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे बूट फक्त तळवे वाचवतो, उष्माघात टाळत नाही. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होते, त्यात बुटाचा काहीच उपयोग नाही. बूट घातले म्हणून दुपारी दोन वाजता फिरायला नेलेला कुत्रा जास्त धोक्यात असतो. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांना बुटांपेक्षा सावली, पाणी आणि घड्याळ पाहणारा मालक यांची गरज अधिक आहे.