प्रबंध कपाटात, प्रश्न वेशीवर

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून एक प्रश्न बाहेर पडला : पीएच्.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार? त्यावर गदारोळ झाला आणि सभागृह पुढच्या कामाकडे वळले. तो प्रश्न कोणी उच्चारला याला आमच्या लेखी फारसे महत्त्व नाही. राज्यकर्त्या वर्गाच्या मनात तो पूर्वीपासून होता. त्या दिवशी तो ओठांवर आला इतकेच. म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ते प्रामाणिकपणे द्यायचे तर त्यातला काही भाग आपल्यालाही झोंबणार आहे.

प्रथम दिव्यांचा हिशेब करू. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका महार तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्याचा पीएच्.डी.चा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावर होता. म्हणजे रयतेकडून गोळा झालेला पैसा मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात कसा वाटला जातो, या प्रश्नावर. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्याला मायदेशी परतावे लागले. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे काय दिवे लावले हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण दिव्याला तेल लागते आणि ते वेळेवर लागते, हे मात्र सरकारला पुनःपुन्हा सांगावे लागते.

त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी केली. जमिनीचे किती तुकडे झाले, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, शेतीवर कोणाचे पोट भरते, हे सारे त्यांनी कुटुंबवार मोजले आणि १९१७ साली प्रसिद्ध केले. आज त्या गावात इमारतींचे मनोरे उभे आहेत. ती जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली? त्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया कोणत्या दुष्काळी तालुक्यांतून आल्या? त्यांच्या वस्तीला पाणी किती आणि मनोऱ्याला किती? ही मोजदाद बांधकाम व्यावसायिक करणार नाही, नगरसेवकही करणार नाही. ती करणारा कोणी असेल तर तो वही घेऊन दारोदार हिंडणारा विद्यार्थीच.

मोजदादीला सत्ता भिते, याला कारण आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात, ही गोष्ट पत्रकारांनी व स्त्री-संघटनांनी वेशीवर टांगली. मग २०१९ साली सरकारी समितीला पाहणी करावी लागली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. हा आकडा पुढे येईपर्यंत ते दुःख एकेकीचे खासगी दुखणे होते. आकडा आला आणि ते सार्वजनिक धोरणाचे पाप ठरले.

आता हे विद्यार्थी कोण आहेत ते पाहा. धनिकांची मुले परदेशी विद्यापीठांत जातात. त्यांना कोणी दिव्यांचा हिशेब विचारीत नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या दारात जो उभा असतो, तो बहुधा घरातला पहिला पदवीधर असतो. त्याच्यासाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा झाली. तीत जुन्या सेट परीक्षेची प्रश्नपत्रिकाच पुढे ठेवल्याची तक्रार झाली. १० जानेवारी २०२४ रोजी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि तीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. ज्यांना एक प्रश्नपत्रिका धड काढता येत नाही, त्यांनी विद्वत्तेची उपयुक्तता तपासावी, हा विनोद क्रूर आहे.

परंतु विद्यापीठांनाही निर्दोष सोडता येणार नाही. प्रबंधाच्या शेवटी 'शिफारशी' नावाचे एक प्रकरण असते. शासनाने असे करावे, ग्रामपंचायतीने तसे करावे! त्या शिफारशी शासन वाचत नाही आणि ग्रामपंचायतीपर्यंत त्या पोचत नाहीत. ज्या बाईने दिवसाची मजुरी बुडवून शंभर प्रश्नांची उत्तरे दिली, तिला त्या उत्तरांचे पुढे काय झाले ते कळत नाही. बहुधा प्रबंध इंग्रजीत, बाई मराठीत. प्रबंध कपाटात, बाई हंड्याच्या रांगेत. २००९ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधांच्या प्रती संगणकीय भांडारात ठेवणे बंधनकारक केले. कपाट संगणकात गेले. परंतु त्याची किल्ली गावाकडे आली नाही.

आणि आपण? १९७१ साली वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचे मोजमाप मांडले आणि सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा आग्रह धरला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या बाजूने चळवळी उभ्या राहिल्या. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. अभ्यास आणि मोर्चा यांची तेव्हा एकमेकांशी ओळख होती. आज आपल्या तालुका कार्यकर्त्याला आपल्याच तालुक्यावर किती प्रबंध झाले हे ठाऊक नसते. निवेदन लिहिताना आपण विशेषणे वाढवतो, कारण आकडे हाताशी नसतात. तहसीलदार विशेषणांना घाबरत नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. अधिछात्रवृत्ती नोंदणीच्या दिवसापासून आणि दरमहा मिळाली पाहिजे. ती कृपा नव्हे, कष्टाचे वेतन आहे. ज्या गावाचा वा वस्तीचा अभ्यास झाला, तेथील ग्रामसभेत वा वस्तीसभेत त्याचे निष्कर्ष मराठीतून वाचून दाखविल्याखेरीज पदवी देऊ नये. लोकांना त्यात चूक दिसली तर त्यांचा आक्षेप प्रबंधाला जोडावा. तिसरी मागणी स्वतःकडेच आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने या वर्षी एका संशोधक विद्यार्थ्याला गाठावे, त्याला वस्तीत राहायला जागा द्यावी, आपले प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत आणि त्याची उत्तरे आपल्याला गैरसोयीची निघाली तरी ती ऐकून घ्यावीत.

काय दिवे लावणार, असे विचारणाऱ्यांना उत्तर विधिमंडळात देऊन भागणार नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एखादी विद्यार्थिनी उठून गावाचाच हिशेब गावाला वाचून दाखवील आणि मागच्या रांगेतली म्हातारी "हे खरं हाय" म्हणेल, तेव्हा ते उत्तर मिळेल. ती सभा भरविणे हे आपले काम आहे.